कोष्टक कोणत्या गांवचें?

आमची चाळ पाडून तिच्या जागीं नवी इमारत उठावयाची असें ठरल्यापासून गिरगांवांतील आमच्या बिऱ्हाडाचा पोटमाळा रिकामा करण्याचें काम चाललें आहे. पितळेचीं भांडीं, मोडका पाळणा, दोरीनें बांधलेले मासिकांचे गठ्ठे ह्यांच्यामागून परवां एक लांबट वही निघाली. ती आमच्या आजोबांची. आजोबा शाळेंत गणित शिकवीत, आणि घरच्यांच्या व शेजाऱ्यांच्या पत्रिका हौसेखातर मांडून देत. वहीच्या पहिल्या पानावर त्यांच्या वळणदार अक्षरांत 'पलभा ४।७' एवढेंच लिहिलें आहे, आणि त्याखालीं बारा राशींपुढें बारा आंकडे. पुढचीं चाळीस पानें म्हणजे त्याच बारा आंकड्यांचा अंशाअंशानें केलेला विस्तार; अर्थात् लग्नसारणी.

मी ती वही चाळीत बसलों असतां माझी पुतणी खिडकीशीं लॅपटॉप घेऊन बसली होती, आणि त्या यंत्राचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरत होता. ती दादरास राहते, गणितांतील पदवीधर आहे, आणि आप्तेष्टांपैकीं जे देशोदेशीं पांगले आहेत त्यांना आपापल्या गांवचें सूर्योदयादि गणित करून देण्याचा तिनें हौसेनें उद्योग आरंभिला आहे. आजोबांचें रक्त असें तिसऱ्या पिढींत वर येतें.

"काका, हें फार रडतंय," ती म्हणाली. "एका गांवचं वर्षभराचं लग्न काढायला सांगितलं तर चहा होऊन कप विसळून होतात."

तिचें काम कसें चाललें होतें तें सांगतों. गांवाचा अक्षांश दिला कीं तिचें यंत्र त्या गांवासाठीं दिवसरात्रीच्या चोवीस तासांतील दर चार मिनिटांस लग्नाचे अंश किती हें काढी. म्हणजे दोन्ही टोकें धरून ३६१ बिंदू. ह्या बिंदूंमधून एक गुळगुळीत वक्ररेषा ओवली कीं मधल्या कोणत्याहि क्षणाचें उत्तर त्या रेषेवरून वाचतां येतें. ह्या ओवण्यास अंतर्वेशन असें शास्त्रीय नांव आहे. शाळेंत लॉगचें पुस्तक उघडून शेवटच्या रकान्यांतील बारीक फरक मिळविणाऱ्या प्रत्येकानें तें केलेलें आहे. रेषेचा आकार मात्र अक्षांशावर अवलंबून. मुंबईची रेषा निराळी, नागपूरची निराळी, लंडनची तर फारच निराळी. एकदां गांव ठरलें कीं जो आंकडा मग बदलत नाहीं, परंतु ज्याच्यावर सगळा वक्र उभा असतो, त्या आंकड्यास गणिती प्राचल म्हणतात. येथें अक्षांश हें प्राचल.

मुलीची चूक अगदीं साधी होती. वर्षाच्या ३६५ दिवसांचें सकाळीं सहाचें लग्न तिनें विचारलें, आणि यंत्रानें प्रत्येक प्रश्नास गिरगांवची रेषा नव्यानें आंखली. ३६१ बिंदू काढावयाचे, रेषा ओवावयाची, तीवरून एक उत्तर वाचावयाचें आणि रेषा फेंकून द्यावयाची. पुन्हा दुसऱ्या दिवसासाठीं तेंच. एकंदर १,३१,७६५ वेळां गणित! जेथें ३६१ वेळां पुरलें असतें तेथें.

मीं तिच्यापुढें आजोबांची वही धरली. म्हटलें, "ह्यांनीं रेषा फेंकली नाहीं."

येथें पलभेविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे, कारण नव्या पिढीच्या कानांवरून हा शब्द क्वचितच जातो. विषुवदिनीं मध्यान्हीं बारा अंगुळांच्या शंकूची सावली जितकीं अंगुळें पडते ती त्या गांवची पलभा. तीवरून अक्षांशाचें सारें काम भागतें. मुंबईची पलभा ४ अंगुळें ७ व्यंगुळें, उज्जैनची ५ अंगुळें ८ व्यंगुळें. पलभेस १०, ८ व ३⅓ ह्यांनीं गुणावें. मुंबईस ४१, ३३ व १४ पळें येतात. हीं लंकेच्या म्हणजे विषुववृत्तावरच्या २७८, २९९ व ३२३ ह्या उदयांतून क्रमानें वजा करावीं, मग उलट क्रमानें मिळवावीं. मुंबईचे उदय असे येतात: मेष २३७ पळें, वृषभ २६६, मिथुन ३०९, कर्क ३३७, सिंह ३३२, कन्या ३१९, पुढच्या सहा राशी ह्याच आंकड्यांनीं उलट चालतात. बेरीज बरोबर ३६०० पळें, म्हणजे साठ घटका. (हे सायन राशींचे आंकडे आहेत, हें जाणत्यांनीं ध्यानांत घ्यावें.) पळ म्हणजे २४ सेकंद; तेव्हां मुंबईस मेष राशि उगवावयास सुमारें ९५ मिनिटें लागतात, व कर्केस सुमारें १३५. लंडनची पलभा मात्र १५ अंगुळांच्या वर जाते, आणि तेथें मेष राशि ५१ मिनिटांत उगवून मोकळी होते. मुंबईची सारणी घेऊन लंडनच्या बाळाची पत्रिका करूं जाल तर काय होईल तें उघडच आहे.

पलभेचा संस्कार ज्योतिषांत फार जुना आहे. परंतु महाराष्ट्रांत तो घरोघर गेला तो बव्हंशीं ग्रहलाघवामुळें. कोंकणांत मुरूडजवळच्या नांदगांवीं राहून गणेश दैवज्ञानें शके १४४२ मध्यें, म्हणजे इ. स. १५२० त, तो ग्रंथ रचला. ज्या व चाप ह्यांच्या किचकट आंकडेमोडीस ह्या पुरुषानें ग्रंथांतून जवळजवळ हद्दपारच केलें, आणि दिवसांची मोठमोठी गणती टाळावी म्हणून अकरा वर्षांचें, म्हणजे ४०१६ दिवसांचें, एक चक्र धरलें. मोठें काम एकदांच करावें, त्याचा सांठा करावा, आणि रोजच्या कामास त्रैराशिक पुरावें, ही त्याची दृष्टि. पाठीवर पाटी घेऊन हिंडणाऱ्या जोशाला दुसरें काय परवडणार?

मुलीनें वही पाहिली मात्र, तिचे डोळे चमकले. मॅथेमॅटिका नांवाची जी संगणकप्रणाली १९८८ पासून प्रचारांत आहे तींत ती काम करते. त्या भाषेंत एक मोठी गमतीची रीत आहे. व्याख्येच्या आंतच दुसरी व्याख्या लिहितां येते. 'ह्या अक्षांशाची रेषा मागितली तर ती आंख', हा बाहेरचा नियम. 'आणि आंखलीस कीं तिला ह्या अक्षांशाचेंच नांव देऊन ठेव', हा आंतला. पुढच्या खेपेस तोच अक्षांश आला कीं यंत्र नियमाकडे पाहतच नाहीं, ठेवलेली रेषा काढून देतें. संगणकवाले ह्या सांठवणीस कॅशिंग म्हणतात. रोख रकमेचा तींत कांहीं संबंध नाहीं, हें मला मागाहून समजलें.

पहिल्या झटक्यांत तिला तें साधलें नाहीं. तिनें गांव आणि क्षण हीं दोन्हीं नांवांत घालून उत्तर सांठविलें: गिरगांव, अमुक दिवस, सहा वाजतां, अमुक अंश. पुढचा प्रश्न निराळ्या दिवसाचा. तेव्हां जुन्या उत्तराचा उपयोग शून्य. सांठा फुगला, यंत्र पूर्वींइतकेंच मंद राहिलें. जणूं आजोबांनीं सारणी न करतां शेजाऱ्यांनीं विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचें तेवढें उत्तर लिहून वह्या भरल्या असत्या! सांठवावयाची ती सबंध रेषा, आणि नांव द्यावयाचें तें फक्त गांवाचें. क्षण हा त्या रेषेवर बोट ठेवून वाचावयाचा असतो. एवढा फेरफार केला आणि पंखा निवला.

दुसरी अडचण मौजेची. मुलीनें एकदां अक्षांश नकाशावरून घेतला, एकदां फोनवरून. दोहोंत चवथ्या दशांश स्थळीं फरक. यंत्रानें तीं दोन गांवें मानून दोन रेषा केल्या. शिवाय संगणक दशांश द्विमानपद्धतीनें ठेवतो, त्यामुळें त्याच्या मतें शून्य दशांश एक अधिक शून्य दशांश दोन हे बरोबर शून्य दशांश तीन होत नाहींत. अशा आंकड्यांनीं सांठ्याला नांव देणें म्हणजे एकाच माणसास पत्रावर तीन प्रकारांनीं हांक मारणें. ह्यावर जुन्यांचा उपाय आयताच होता. पलभा ते व्यंगुळापर्यंत घेत, पुढें नाहीं. आमच्या ह्या प्रदेशांत एक व्यंगुळ म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारें आठ किलोमीटर. मुलीनें हिशेब करून पाहिला तों गिरगांवची पलभा ४।७ आणि तिच्या दादरची ४।८ आली! लालबाग व परळ मध्यें कोठें तरी. त्या एका व्यंगुळानें मेषेच्या उदयांत पळाचा सहावा भाग, म्हणजे चार सेकंद, एवढाच फरक पडतो. ज्या फरकानें उत्तर बदलत नाहीं तो नांवांत ठेवूं नये, हा विवेक त्या सावली मोजणाऱ्यांना होता. मुलीनेंहि आतां अक्षांश कलांच्या पूर्णांकांत बांधून टाकला आहे.

सांठ्याचा तिसरा दोष ह्याहून गंभीर, आणि त्याचा इतिहास आमच्या प्रांतानें सोसलेला आहे. मूळ सूत्र बदललें तरी सांठा बदलत नाहीं. यंत्रांत नवें, अधिक शुद्ध सूत्र घातलें, आणि तें तर जुन्याच रेषा काढून देत राहिलें, कारण विचारल्यावर मुलगी हसून म्हणाली, "पुसायचं विसरलें." ग्रहलाघवाचे मूळांक १५२० सालचे. तीनशेंहून अधिक वर्षें ते तसेच चालले, आणि वर्षावर्षानें आकाश व पंचांग ह्यांची फारकत वाढत गेली. ग्रहणाच्या वेळा चुकूं लागल्या. तेव्हां ज्यांनीं ऐन तारुण्यांत कुलाब्याच्या वेधशाळेंत काम केलें होतें त्या केरो लक्ष्मण छत्र्यांनीं युरोपांतील नव्या वेधांवरून मूळ आंकडेच बदलून १८६० त 'ग्रहसाधनाचीं कोष्टकें' प्रसिद्ध केलीं, आणि शके १७८७ पासून त्या गणितावर जें पंचांग निघूं लागलें तें पुढें पटवर्धनी म्हणून ओळखलें गेलें. किती वाद झाले, किती घरांत सासरचें पंचांग एक व माहेरचें दुसरें असें झालें, तें सांगावयास नको. माझ्या मतें त्या वादांत जितकें धर्माचें होतें तितकेंच 'पुसायचें कोणीं' ह्याचेंहि होतें. सांठा करणारा एक असतो, वापरणारे हजार.

आणि आतां ज्याच्यासाठीं हा लेख लिहावयास बसलों तें.

सारणी जितक्या गोष्टींवर अवलंबून असते तितक्या सगळ्यांचें नांव तिच्या माथ्यावर हवें. एक जरी राहिली तरी सारणी चुकीची ठरत नाहीं. ती बरोबर असते, पण दुसऱ्याच कोणाची तरी असते. ज्यांच्या घरीं टिळक पंचांग आहे त्यांची संक्रांत सुमारें चार दिवस आधीं येते, कारण तेथें राशिचक्राचा आरंभ रेवतीच्या तारेपासून धरतात आणि तो इतरांहून सुमारें चार अंशांनीं निराळा पडतो. गणित दोन्हींकडे शुद्ध. माथ्यावरचें नांव निराळें. आजोबांनीं पलभा लिहिली. परंतु सारणींतून काढलेल्या घटका सूर्योदयांत मिळवून ज्या घड्याळाशीं ताडून पाहावयाच्या त्या घड्याळाचें नांव त्यांनीं लिहिलें नाहीं. त्यांच्या काळीं घड्याळ म्हणजे भिंतीवरचें, आणि भिंतीवरचें म्हणजे मुंबई टाइमाचें. तें लिहावयाचें काय, असें त्यांस वाटलें असावें.

हा मुंबई टाइम तरुण वाचकांनीं ऐकलाहि नसेल. १ जानेवारी १९०६ पासून सरकारनें साऱ्या हिंदुस्थानास एक स्टँडर्ड टाइम लागू केला. तो मुंबईच्या स्थानिक वेळेहून ३९ मिनिटें पुढें. शहरानें त्यास मोठा विरोध केला, आणि पुढें जवळजवळ अर्धशतक अनेक घरांत व कचेऱ्यांत जुनीच वेळ चालू राहिली. त्यांत महायुद्ध आलें. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत सरकारी घड्याळें आणखी एक तास पुढें केलेलीं होतीं. म्हणजे त्या तीन वर्षांत गिरगांवांत स्टेशनावरचें घड्याळ आणि आमच्या भिंतीवरचें घड्याळ ह्यांत एक तास एकोणचाळीस मिनिटांचें अंतर होतें.

आमची आत्या २८ एप्रिल १९४३ रोजीं जन्मली. प्रसूतिगृहाच्या कागदावर वेळ सकाळीं ११-१०. आजोबांनीं ती वेळ घेतली, आपली सारणी उघडली, आणि पत्रिका मांडली: कर्क लग्न, कुंभेंत मंगळ, म्हणजे अष्टमांत. कडक मंगळ. १९६४ च्या सुमारास दादरचें एक स्थळ आलें होतें, मुलगा व मुलगी एकमेकांस पाहून संतुष्ट होतीं, आणि पत्रिका परत आली. पुढें आणखी दोन-तीन ठिकाणीं तसेंच झालें. मग आत्यानेंच सांगितलें कीं आतां कोणाला विचारूं नका. तिनें परळच्या एका शाळेंत चौतीस वर्षें शिकविलें आणि आमच्या पिढीचे सगळ्यांचे अभ्यास घेतले.

पुतणीनें यंत्रांत अक्षांशाबरोबर घड्याळ हेंहि प्राचल घातलें होतें, तें न्यू जर्सीच्या नातेवाइकांच्या उन्हाळी वेळेसाठीं. सहज म्हणून आत्याची वेळ घातली आणि युद्धकाळाचें घड्याळ निवडलें. ११-१० म्हणजे मुंबईची ९-३१. लग्न मिथुन आलें. मंगळ जेथल्या तेथें कुंभेंतच, पण तो आतां नवमांत. मीं आजोबांच्या वहीवरून हातानें गणित करून पाहिलें. सूर्योदयापासून ५८२ पळें, मिथुनच. त्यांच्याच सारणीनें त्यांचेंच उत्तर खोडलें. सारणींत एक पळहि चूक नव्हती.

फलज्योतिष खरें कीं खोटें, हा वाद मी येथें काढीत नाहीं. माझें मत घरच्यांस ठाऊक आहे. परंतु ज्या कागदानें एका मुलीचें ठरत आलेलें लग्न मोडलें त्या कागदावरचें गणित तरी तिचें असावयास हवें होतें.

आत्याला सांगावें कीं न सांगावें, ह्यावर घरांत दोन दिवस कुजबुज झाली. ती ब्याऐंशी वर्षांची. तिच्यापासून आजवर कांहीं लपून राहिलेलें नाहीं, हेंहि राहिलें नाहीं. तिनें वही मागून घेतली, चष्मा पुसला आणि सगळें नीट ऐकून घेतलें.

"आई नेहमी म्हणायची," ती म्हणाली, "तूं साडेनऊच्या सुमाराला झालीस, घरचं घड्याळ बघून निरोप्या धावत आला, हे अजून शाळेला निघायचे होते. आणि अण्णा म्हणायचे, तुला घड्याळ कळत नाहीं, कागदावर अकरा-दहा आहेत."

आम्ही कोणी कांहीं बोललों नाहीं. तिनेंच वहीचीं शेवटचीं पानें उलटलीं. तेथें आजोबांनीं ज्यांच्या ज्यांच्या पत्रिका केल्या त्यांची यादी आहे. नांव, जन्मदिवस, वेळ. युद्धाच्या त्या तीन वर्षांतलीं चाळींतलीं व आसपासचीं एकोणीस नांवें निघालीं. वेळ घरच्या घड्याळावरची कीं प्रसूतिगृहाच्या, हें एकापुढेंहि लिहिलेलें नाहीं. पुतणी म्हणाली, दोन्ही घड्याळें धरून प्रत्येकाच्या दोन पत्रिका करतां येतील, वेळ लागणार नाहीं, मुंबईची रेषा तयारच आहे.

आत्या यादीवरून बोट फिरवीत होती. "हा गेला. हाहि गेला. ही पुण्याला मुलाकडे असते. ही लालबागला आहे अजून," ती म्हणाली, "हिला फोन लाव. हिची आई हयात असतांना मीं एकदां विचारलं होतं, तेव्हां ती म्हणाली होती, पहाटेची वेळ. आणि इथं आठ लिहिलंय."